लोलो कोणाचा

राजीशी बोलायचं नाही, असं मला राजीच्या वडिलांनी मार्गशीर्षात बजावलं.

"न्हाऊ घाल, जेवू घाल, मांडीवर निजव. पण शब्द म्हणून एकही तिच्या कानावर पडता कामा नये. माघापर्यंतच काय ते," ते म्हणाले. बोटांना अजून खडू होता. पाय धुण्याआधीच बोलून मोकळे झाले, म्हणजे कॉलेजातून येता येता वाटेतच ठरवून आले असणार.

"आणि तिनं काही विचारलं तर?"

"मान हलवायची. हसायचं. मूल आईशिवाय शब्द घडवतं, हेच तर मला दाखवायचंय."

मी चुलीपुढं होते. राजी माझ्या पाठीला लोंबकळत होती, माझा अंबाडा सोडून त्यातला आकडा चोखून बघत होती. आपलंच काहीतरी ठरतंय याचा तिला पत्ता नव्हता. दोन वर्षांच्या जिवाला कुठला असणार?

राजीचे वडील सांगलीच्या कॉलेजात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवतात. घरचा नदीकाठच्या मळीचा ऊस, हळद साठवायची पेवं. मामंजींना वाटलेलं, एक मुलगा शिकेल आणि हिशेब तरी बघेल. मुलगा शिकला आणि हिशेबाकडं पाठ करून पुस्तकांत शिरला. नेमणूक अजून कायम नव्हती. कायम व्हायला काहीतरी छापून यावं लागतं म्हणे. आणि गेल्या दिवाळीत ते आलं. मुंबईच्या एका इंग्रजी चौमासिकात, लढाईच्या टंचाईतल्या त्या पिवळट पातळ कागदावर, त्यांचा निबंध छापून आला. आमच्या राजीवरचा.

निबंधात काय होतं, ते त्यांनीच मला दिवाळीच्या पाडव्याला सांगितलं, त्या दिवशी स्वारी खुशीत होती. म्हणे, काही मुलं मोठ्यांकडून न शिकता स्वतःचे शब्द जन्माला घालतात. माझी मुलगी चंद्राला लोलो म्हणते, साखरेला चिमू म्हणते, बाहुलीला ठुमी म्हणते. हे शब्द घरात कुणी वापरत नाही, गावात कुणी वापरत नाही, कुठल्या कोशात नाहीत. वडिलांसाठी मात्र तिला शब्दच नाही.

मी ऐकत होते. ते तिन्ही शब्द माझे होते.

आता हे कागदावर लिहिताना हात अडखळत नाही, पण तोंडानं मला ते म्हणता येत नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव चंदाप्पा. आमच्याकडं सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि नावातला चंद्रही घ्यायचा नाही. सासूबाईंचं नाव साखराबाई. रेशनच्या दुकानात उभी राहिले, की मला "ती पांढरी द्या" म्हणावं लागतं आणि दुकानदार मुद्दाम मीठ पुढं करतो. राहिले राजीचे वडील. त्यांचं नाव बाहुबली. माहेराहून, उंब्रजहून, माझ्या आईनं लाकडाची बाहुली पाठवली, तेव्हा लेकीला ती हातात देताना मला काहीतरी म्हणायला तर हवं होतं. मी ठुमी म्हटलं. गच्चीवर चंद्र दाखवताना लोलो म्हटलं. चिमटीनं साखर भरवली तेव्हा चिमू म्हटलं. झालं इतकंच.

तुम्ही म्हणाल, त्याच घरात राहणाऱ्या माणसाला हे कळू नये? नाही कळत. आमच्या घरात बाईनं पुरुषांदेखत बोलायचं नाही; नवऱ्याशी काय ते चुलीपुढं, नाहीतर रात्री. ओसरीवर वहाणा करकरल्या, की आमची तोंडं बंद. आणि पुरुषानं वडिलांदेखत स्वतःचं मूल उचलायचं नाही. राजी जन्मल्यापासून तिच्या वडिलांनी तिला एकदाही कडेवर घेतली नव्हती. रात्री ते माडीवरून खाली येईतो ती झोपलेली. दिवसा ते सोप्यातल्या खिडकीशी कागदाचे चौकोनी तुकडे घेऊन बसत. राजी अंगणात एकटीच बडबडे, ते टिपून घेत. ते खिडकीशी आले, की मी गप्प. त्यांनी मला लेकीशी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. मग त्यांच्या दृष्टीनं ते शब्द आले कुठून? आभाळातून.

पाडव्याला मी त्यांना सांगितलं. "ते माझे शब्द आहेत. मला मोठ्यांची नावं घेता येत नाहीत, म्हणून मी तिला तसं शिकवलं."

ते हसले. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला हसावं तसे. "तुला तसं वाटतं. आधी मुलगी म्हणाली आणि तिचं ऐकून तू म्हणायला लागलीस. सगळ्या आया हे उलटंच सांगतात. मी तळटीप दिली आहे त्यावर."

"कसली टीप?"

त्यांनी अंक उघडून मला मराठीत करून वाचून दाखवलं. 'मातेस अक्षरओळख बेताची असून ती मुलाचेच शब्द उचलते.'

मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची मराठी परीक्षा, पास आहे. कऱ्हाडच्या केंद्रावर मुलींत पहिली आले होते. हे त्यांना ठाऊक होतं. स्थळ सांगून आलं तेव्हा हेच सांगितलेलं.  पाडव्याच्या त्या रात्रीपासून मी त्यांच्याशी मनातून बोलणं टाकलं, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

सासूबाईंना मात्र सगळं ठाऊक होतं. त्याही नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चंद्राला त्या वरचा दिवा म्हणतात. लोलो कुठून आला हे त्यांनी माझ्याच तोंडून रोज ऐकलेलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं गेले. म्हटलं, "अत्ती, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

त्या हळद निवडत होत्या. मान वर केली नाही. "काय सांगू?"

"की तो शब्द मी शिकवला."

"आगं, तुझ्या तोंडचा सबूद कोन छापतंय? पोरीच्या तोंडचा म्हनून इंग्रजीत गेला. माझ्या ल्योकाचं नाव झालंय, त्याला तू हात लावू नगंस."

"मी कुठं हात लावते? खरं ते..."

"खरं काय, ते मला म्हाईत हाय. गप ऱ्हा."

आणि म्हणून मार्गशीर्षात जेव्हा बोलणं बंद करायचं ठरलं, तेव्हा राखणीला सासूबाईच बसल्या. मुंबई विद्यापीठाचे कुणी डॉ. मिस्त्री निबंध वाचून खूश झाले होते. माघात कॉलेजच्या संशोधन मंडळाची वार्षिक सभा, तिला ते येणार होते आणि त्यांना मुलगी बघायची होती. पण तीन शब्दांवर सिद्धान्त उभा राहत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. आणखी शब्द हवे होते. राजीच्या वडिलांनी हिशेब मांडला: घरातले शब्द बंद केले, की पोरीचे स्वतःचे शब्द भराभर फुटतील. विहिरीत दुसऱ्याचं पाणी पडायचं थांबलं, की आपला झरा दिसतो, असं काहीतरी मला समजावलं. मला वाटलं, आधी ही विहीर कुणी खणली, ते तरी विचारा.

पहिल्या दिवशी राजीला तो खेळ वाटला. मी मान हलवली, की ती हसायची. दुसऱ्या दिवशी तिनं सगळी भांडी एकेक करून माझ्यासमोर आणली. तांब्या आणला, पळी आणली, चाळण आणली. प्रत्येक वस्तू वर धरून माझ्या तोंडाकडं बघायची. मी हसायची. ती वस्तू खाली ठेवून दुसरी आणायची. संध्याकाळी तिनं माझ्या मांडीवर बसून माझे ओठ दोन्ही हातांनी उघडले आणि आत वाकून बघितलं. एवढीशी बोटं, त्यांना गुळाचा वास. शब्द कुठं गेले ते शोधत होती.

मी तिचं डोकं छातीशी घट्ट दाबलं. तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "काय कुजबुजतीयास?"

"काही नाही."

"मला ऐकू येतंय. म्हातारी हाय, भैरी न्हाई."

मी खरंच काही बोलले नव्हते. पण त्या दिवसापासून त्यांनी राजीचं अंथरूण आपल्या खाटेशेजारी घातलं.

पौष निम्मा सरला. झरा काही दिसेना. राजीनं नवीन शब्द तर घडवले नाहीतच, जुने होते तेही एकेक करून ठेवून दिले. आधी लोलो गेला. आभाळात चंद्र दिसला, की बोट दाखवायची आणि माझ्याकडं बघायची. मी मान हलवली, की बोट खाली घ्यायची. मग ठुमी गेली. बाहुली कोपऱ्यात पडून राहिली. मग 'आई' गेलं. मागून येऊन माझा पदर ओढायची, तेवढंच. संक्रांतीला तिला हलव्याचे दागिने घातले. आरशात बघून तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मी रात्री राजीच्या वडिलांना म्हटलं, "ती बोलायची थांबली."

"थांबली नाही, साठवते आहे. असं होतं. मी वाचलं आहे."

"माझी लेक मुकी होईल."

"तू रडून तिला बिघडवू नकोस. माझी नेमणूक या सभेवर आहे. मानसिंगरावांनी प्राचार्यांच्या कानाशी लागून आधीच सांगितलंय की उगाऱ्यांचं संशोधन म्हणजे अंगणातलं संशोधन. तुला काय, मी आयुष्यभर हंगामी राहायला हवंय?"

उगारे हे आमचं आडनाव, आणि मानसिंगराव म्हणजे कॉलेजात त्यांच्याच खोलीत बसणारे इतिहासाचे प्राध्यापक. पाटणच्या बाजूचे, मोठ्या घरचे. त्या वर्षी त्यांचाही एक लेख छापून आला होता, पण मराठीत आणि पुण्यात; मुंबईच्या इंग्रजी अंकात नाही. ते त्यांच्या डोळ्यात खुपत होतं.

सासूबाई मात्र निवांत होत्या. "पोरीची जात हाय. मुकी निघाली तर सासरी बरीच," असं त्या शेजारणीला माझ्यादेखत म्हणाल्या. राजी तिथंच बसली होती. बोलत नव्हती, पण ऐकत होती. डोळे तेवढे या तोंडावरून त्या तोंडावर फिरत होते. मी त्या दिवशी ठरवलं, की सभेत ती एक अक्षर बोलली नाही तर मी बोलेन. काय बोलेन, ते ठाऊक नव्हतं.

सभा दुपारची होती. कॉलेजच्या मोठ्या दालनात पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या, मग प्राध्यापक, मग विद्यार्थी, आणि अगदी मागं भिंतीशी बायकांचं एक बाक. मी राजीला घेऊन तिथं बसले. सासूबाई आल्या नाहीत, मामंजी आले. नवा फेटा, उपरणं, पहिल्या रांगेत. मुलाचं नाव होताना बघायला आले होते. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी सगळ्या निबंधांना मान डोलवत होते.

आधी मानसिंगरावांनी कुठल्याशा सनदेवर वाचलं. मग एकानं ओढ्यातल्या शेवाळावर वाचलं. मग राजीचे वडील उठले. चांगले बोलले, हे मला मान्य आहे. आवाज स्वच्छ, हात स्थिर. शेवटी मराठीत म्हणाले, "आता मुलीलाच आपण ऐकू," आणि माझ्याकडं बघून खूण केली.

मी तिला पुढं नेऊन टेबलावर बसवलं आणि सांगितल्याप्रमाणं चार पावलं मागं सरले. फळ्यावर खडूनं पूर्ण चंद्र काढलेला होता. टेबलावर एका वाटीत रेशनची साखर आणि शेजारी तिची बाहुली. डॉ. मिस्त्री खुर्ची ओढून जवळ बसले. म्हातारे, गोरे, लालबुंद नाकाचे, डोक्यावर उंच काळी चकचकीत पगडी.

"हे काय आहे?" राजीच्या वडिलांनी चंद्रावर छडी टेकवली.

राजी त्यांच्याकडं बघत राहिली. एवढ्या जवळून तिनं त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"आणि हे?" वाटी पुढं केली. तिनं हात पुढं केला, तशी त्यांनी वाटी मागं घेतली. "आधी सांग. हे काय?"

राजीनं हात मागं घेतला. कुणीतरी खाकरलं. मागून मानसिंगराव शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मौनाची भाषा दिसते. तीही स्वनिर्मित."

पोरं हसली. राजीच्या वडिलांच्या कानशिलांवर लाली चढली. "राजमती," ते जरा जोरात म्हणाले, "सांग म्हणतो ना."

राजी रडायला लागली. तिचं तोंड वाकडं झालं, गालावरून पाणी ओघळलं, छाती हलत होती, पण आवाज नव्हता. रडतानासुद्धा तिनं आवाज काढला नाही. तोही बंद करायचा असतो, असं समजली होती.

मी चार पावलं पुढं गेले. तिला उचलली, कडेवर घेतली, तिचं नाक माझ्या पदरानं पुसलं आणि फळ्याकडं वळवली. माझा आवाज मला परका वाटला, इतके दिवस लेकीशी वापरला नव्हता. "राजी," मी म्हटलं, "लोलो."

तिनं माझ्या ओठांवर हात ठेवला. ते हलले, याची खात्री करून घेतली. मग माझ्या डोळ्यात बघून हळूच म्हणाली, "लोलो."

आणि दालनात टाळ्या पडल्या.

मला क्षणभर कळेना, टाळ्या कसल्या. मग राजीच्या वडिलांचा चेहरा बघितला. तो उजळला होता. ते पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी सांगत होते, छडी फळ्यावर आपटत होते. पोरीनं लोलो म्हटलं होतं ना? त्यांचा निबंध खरा ठरला होता. उद्यापासून पुन्हा मान हलवायची, पुन्हा हसायचं, कदाचित पुढच्या माघापर्यंत.

मी तिला खाली ठेवली नाही. डॉ. मिस्त्रींच्या समोर नेली. त्यांच्या पगडीकडं बोट दाखवलं आणि जे तोंडात येईल ते म्हटलं. "राजी, ते बघ. गुबडू."

राजीनं पगडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिच्या अख्ख्या तोंडावर हसू पसरलं. "गुबडू," ती म्हणाली. आणि मग पाट फुटावा तशी, "गुबडू, गुबडू, आई, गुबडू."

 राजीच्या वडिलांची छडी फळ्यावरच राहिली.

डॉ. मिस्त्रींनी पगडी काढून हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "हे गुबडू?" त्यांनी मला विचारलं. त्यांचं मराठी मुंबईचं, पारशी. "हे कोन शिकवला?"

"मी. आत्ता."

"आनि लोलो?"

"तोही मीच. तिन्ही मीच."

"पन बाई, तुमी चांदला चांद काय नाय बोलते? सीधा शब्द हाय."

मी खाली बघितलं. पहिल्या रांगेत मामंजींचे जोडे दिसत होते. सांगितलं तर नाव घ्यावं लागतं, आणि न सांगावं तर माझी लेक घरी जाऊन पुन्हा मुकी होते. मी तोंड उघडलं आणि खरंच सांगते, ते नाव जिभेवर आलं होतं.

पण मानसिंगरावांना धीर धरवला नाही. ते मागून उठून उभे राहिले. "साहेब, बाई कशी म्हणणार? सासऱ्यांचं नाव चंदाप्पा. सासूचं नाव काय हो, उगारे? साखराबाई ना? आणि स्वतः तुम्ही बाहुबली."

एक क्षण गेला. मग दालन हसलं. प्राचार्य हसले, शेवाळवाले हसले, विद्यार्थी बाकं बडवायला लागले, दाराशी उभा शिपाई तोंडावर टोपी धरून हसला. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी एक बाई होती, जी कशाला तरी दुसरंच काही म्हणत होती. सगळ्यांना ठाऊक होतं. निबंध वाचताना एकालाही आठवलं नाही.

मामंजी उठले. उपरणं झटकलं आणि कुणाकडं न बघता चालते झाले.

घरी निकाल लागला तो निबंधाचा नव्हे. निबंध मामंजींना कळलाच नव्हता. सुनेनं भरल्या सभेत तोंड उघडलं, एवढंच त्यांनी बघितलं होतं. सोप्यात बसून, मी चौकटीआड उभी असताना, ते भिंतीला म्हणाले, "हिला भावाकडं पोचवा. माझ्या उंबऱ्यात नको."

सासूबाई माझी ट्रंक बाहेर ओढत म्हणाल्या, "लय शानी झालीस न्हवं? ल्योकाचं नाक कापलंस चार मान्सांत. आता बोल जा उंब्रजात, बोल बोल म्हनून बोल."

"बोलणारच आहे," मी म्हटलं.

"पोरीला हितं ठेव."

"ठेवते. तिला बोलायला शिकवाल?"

त्यांनी ट्रंक उंबऱ्याबाहेर लोटली. राजी माझ्या कडेवर होती.

राजीचे वडील माडीवरून खाली आले नाहीत.

पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही उंब्रजला आलो, धुरानं राजीचं नाक काळं करून. माझ्या भावाचं, जवाहरचं, हमरस्त्याला किराणाचं दुकान आहे, मागं घर. दुकानातल्या पोत्यांवर राजी दिवसभर चढायची, उतरायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. आठवडाभरात तिचे जुने शब्द परत आले. मागून नवे आले: ताजवा, वजन, उधार. जवाहर हसून म्हणायचा, "अक्का, ही दुकान चालवणार बघ." आई तिला चंद्र दाखवून चंद्र म्हणायची. आईला काय, तिच्या सासऱ्याचं नाव वेगळं. राजी ठामपणे मान हलवायची. "लोलो."

फाल्गुनात राजीचे वडील आले.

दुकानात येऊन उभे राहिले, हातात छत्री, बगलेत कागद. बारीक झाले होते. जवाहरनं पाणी दिलं आणि काहीतरी निमित्त काढून तो मागं गेला. मी धान्याच्या कणगीपाशी उभी राहिले. मी बसा म्हटलं नाही, तरी ते गुळाच्या ढेपेशेजारी पोत्यावर बसले.

"तू मला भर सभेत मारलंस," ते म्हणाले.

"तुम्ही तिला घरात मुकी केलीत."

"मला घरी सांगायचं होतंस."

"पाडव्याला सांगितलं. तुम्ही तळटीप वाचून दाखवली."

ते छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, डॉ. मिस्त्रींनी कळवलंय, पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. तुम्ही नाही छापलीत तर मी छापतो, असंही त्यांनी लिहिलंय. "ते म्हणतात, चुकीच्या निबंधापेक्षा दुरुस्ती मोलाची ठरेल. नावबंदीमुळं मुलं काय काय शिकतात, यावर कुणी लिहिलेलं नाही. मला सगळे शब्द हवेत. तू कुठल्या नावासाठी काय म्हणतेस, तुझ्या जावा काय म्हणतात, आई काय म्हणते. मी लिहून घेतो."

त्यांनी पेन्सिल काढली. माझं डोकं असं तापलं, की कणगी धरून उभी राहिले. हा माणूस मला न्यायला आला नव्हता, शब्द न्यायला आला होता.

तेवढ्यात राजी आतून धावत आली, बाहुली पायाला धरून. त्यांना बघून थांबली. मग पुढं होऊन त्यांच्या गुडघ्यावर बाहुली ठेवली आणि म्हणाली, "अवो, ठुमी."

ते तिच्याकडं बघतच राहिले. "काय म्हणाली?"

"अवो. मी तुम्हांला अवो म्हणून हाक मारते, म्हणून तीही म्हणते. पहिल्यापासून म्हणते. तुम्ही निबंधात लिहिलंय ना, मुलीला वडिलांसाठी शब्द नाही?"

 दुकानात त्यांचे वडील नव्हते, आई नव्हती. त्यांनी हात पुढं केले आणि मग काय करायचं ते न सुचून तसेच धरून ठेवले. राजी आपणच चढली, पोत्यावर चढावं तशी. त्यांनी तिला दोन्ही हातांनी अवघडून धरलं, ओझं उतरवायला मदत मागावी तसं माझ्याकडं बघितलं. मी गेले नाही.

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी एका हातानं कागद मांडीवर घेतला आणि लिहायला लागले. मी वाकून बघितलं. इंग्रजी.

"इंग्रजीत नको. मला वाचता येईल असं लिहा. मग त्याचं काय ते इंग्रजी करा."

"गुणमाला, हे चौमासिक..."

त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. पुरुषही घेत नाहीत. त्यांचं त्यांना कळलं, ते थांबले.

"हेच नाव घाला," मी म्हटलं. "माता नको. अक्षरओळख बेताची, तेही काढा."

त्यांनी इंग्रजी ओळ खोडली. राजी त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होती. मग त्यांनी लिहिलं, आणि कागद माझ्याकडं फिरवला. 'हे शब्द मुलीने घडविले नसून तिची आई सौ. गुणमाला हिने तिला शिकविले. आईचे म्हणणे मी नोंदविले नाही, ही माझी चूक.'

मी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक नव्हती.

"आता चल," ते म्हणाले. "बाबांचं मी बघतो."

"काय बघाल? मी तिच्याशी ओसरीवर बोलेन, सोप्यात बोलेन, तुमच्या वडिलांदेखत बोलेन. ते चालेल त्यांना?"

"हळूहळू..."

"मग हळूहळूच या. हे छापून आलं, की अंक घेऊन या. तेव्हा बघू."

त्यांचा चेहरा कडू झाला. दिवाळीत माझा झाला असेल, तितका तरी झाला असेल. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. त्यांनी राजीला खाली ठेवलं, कागद घडी करून खिशात घातला आणि छत्री विसरून पायऱ्या उतरले.

"अवो," राजीनं मागून हाक मारली. छत्री ओढत ती उंबऱ्यापर्यंत गेली होती.

ते वळले. रस्त्यावर माणसं होती, मोटारीत माणसं होती. "ओ," ते म्हणाले, आणि परत येऊन तिच्या हातून छत्री घेतली.

अंक अजून आलेला नाही. इथं राजीचं तोंड दिवसभर मिटत नाही, आणि मी ते मिटवत नाही.